सासूबाईंच्या बैठका

“हा झाडूचा दांडा आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“हो,” रुक्साना म्हणाली.

“मला लोखंडाचा उचलायचाय.”

“उचलाल की. आधी हा खांद्यावर घ्या. मानेच्या हाडावर नाही काकू, त्याच्या खाली. खांदे मागे ओढले की पाठीवर मांसाची गादी तयार होते बघा, तिच्यावर. हां. आता बसा.”

सासूबाई बसल्या. म्हणजे, देवापुढे वाकतात तशा कमरेतून पुढे वाकल्या. गुडघे एकमेकांना चिकटले, टाचा उचलल्या गेल्या आणि तोल जाऊन त्या थेट माझ्या अंगावर आल्या. मी त्यांना दंडाला धरून सावरलं. त्यांनी माझा हात झटकला.

“रणजितराव, तुम्ही जरा लांब उभे राहा,” त्या म्हणाल्या आणि रुक्सानाकडे वळल्या. “परत करू?”

“परत.”

या गोष्टीला आता बारा वर्षं होऊन गेली. मी तेव्हा कराडात संध्याकाळी गणिताचे क्लास घ्यायचो. सकाळ रिकामी. खुर्चीत बसून बसून पाठ धरली होती, डॉक्टरांनी व्यायामासाठी चांगलाच दम भरला होता, म्हणून ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर नव्यानेच निघालेल्या जिममध्ये मी नाव घातलं. रुक्साना शिकलगार तिथली प्रशिक्षक. तिशीची, बुटकी, रुंद खांद्यांची, कॉलेजात असताना वजन उचलण्याच्या स्पर्धा गाजवलेली. ती आवाज कधी चढवत नसे. पण तिने “परत” म्हटलं की भल्याभल्यांना परत करावं लागे.

सासूबाईंचं नाव विजयमाला शेलार. साठी उलटलेल्या. सगळी नोकरी पाटणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केलेली, त्यामुळे आवाज असा खणखणीत की शेजारच्या खोलीत बोलल्या तरी ट्रंककॉल आल्यासारखं वाटावं. सासरे गेल्यावर त्या हेळवाकला, कोयनेच्या अंगाला, स्वतः बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या. आदल्या वर्षी परसात पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं आणि माझी बायको, वृषाली, त्यांना प्लॅस्टरसकट आमच्याकडे घेऊन आली.

प्लॅस्टर निघालं. सासूबाई राहिल्या. वृषाली शाळेत शिक्षिका, आणि घरातही शिक्षिकाच. तिने आईला बादली उचलू दिली नाही, गच्चीवर कपडे वाळत घालू दिले नाहीत, स्टुलावर चढून डबा काढणं तर लांबच. “आई, तू बस,” हे वाक्य आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ ऐकू यायचं. सासूबाई बसायच्या. टीव्ही बघायच्या. हळूहळू त्यांचा तो खणखणीत आवाजही बसत चालला होता.

मग एका सकाळी मी बुटांच्या नाड्या बांधत असताना त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मी येऊ का? नुसती बघायला.”

त्या आल्या, बाकावर बसल्या आणि खरंच नुसतं बघत राहिल्या. कोपऱ्यातल्या रॅकपाशी एक पेट्रोलपंपवाले गृहस्थ खांद्यावर वजनं घेऊन खाली बसत होते आणि ओठ आवळून उठत होते.

“हे काय?”

“स्क्वॉट. आपल्या बैठकाच, पण पाठीवर वजन घेऊन.”

“उठताना त्यांना कुणी धरत नाही?”

“नाही.”

त्या बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या. निघताना सरळ रुक्सानासमोर गेल्या. “मला हे शिकवाल?”

मला वाटलं, ती हसून गोड बोलून टाळेल. तिने विचारलं, “हात कधी मोडला होता? हाडं तपासलीत? डॉक्टरांना विचारून या. ते हो म्हणाले तर शिकवते.”

दुसऱ्या दिवशी मी क्लासच्या पेपरांत गुंतलेलो असताना सासूबाई एकट्याच रिक्षा करून हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. “डॉक्टर म्हणाले, जरूर करा,” त्यांनी हळूच माझ्या कानावर घातलं. “हाडं थोडी विरळ झालीत म्हणे. वजन उचललं तर बरंच होईल, फक्त घाई नको आणि शिकवणारा माणूस नीट हवा. पण वृषूला आत्ताच नको सांगायला.”

“ती विचारेल ना, रोज कुठे जाता म्हणून.”

“संगमावर फिरायला जातो म्हणायचं.”

“म्हणजे खोटं बोलायचं?”

“खोटं कशाला? संगमावरून जायचं की. थोडा वळसा पडेल.”

आणि खरोखरच, वृषाली शाळेला गेली की आम्ही दोघं आधी प्रीतिसंगमावर जायचो, कृष्णा-कोयनेला लांबून हात जोडायचो आणि मग जिममध्ये. सासूबाईंनी वृषालीचा जुना पंजाबी ड्रेस बाहेर काढला होता. ओढणी कमरेला घट्ट बांधायची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवायचा, की त्या तयार.

पहिले कित्येक दिवस झाडूचा दांडा आणि एक खुर्ची. रुक्साना त्यांच्या मागे खुर्ची ठेवायची आणि म्हणायची, “खाली बसू नका काकू. मागे बसा. खुर्ची थोडी लांब आहे असं समजा. आधी कंबर मागे, मग गुडघे.” पावलं खांद्याएवढी लांब, चवडे किंचित बाहेर. पावलाचं बोट जिकडे बघतंय तिकडेच गुडघ्याने जायचं, आत पडायचं नाही. टाच उचलायची नाही, अंगठाही नाही. सगळं पाऊल जमिनीला.

“श्वास?”

“बसायच्या आधी पोटात भरून घ्या आणि पोट आवळा. आता कुणीतरी पोटात बुक्की मारणार आहे असं समजून.”

“मला कोण मारणार या वयात?”

“मी,” रुक्साना म्हणाली आणि तिने मुठीने त्यांच्या पोटावर हलकेच ठोकलं. सासूबाई दचकल्या, मग एवढ्या हसल्या की पेट्रोलपंपवाल्यांनी मोजता मोजता आकडा विसरून वळून बघितलं. त्या दिवसापासून पोट कसं आवळायचं हे त्यांना कधी सांगावं लागलं नाही.

मी पलीकडच्या रॅकपाशी माझं माझं करत असायचो. खरं तर निम्मा वेळ त्यांच्याकडेच बघत असायचो. त्या घरीही सराव करायच्या. मी पेपर तपासत बसलेलो असताना स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज यायचा, “कंबर मागे... गुडघे बाहेर...” आणि वृषालीच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की एकदम शांत. मग मी मोठ्याने विचारायचो, “आई, चहा झाला का?” आणि आम्ही दोघं कपामागे तोंड लपवून हसायचो. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. घरात असं कुणाबरोबर मिळून काहीतरी लपवायची मजा मी त्याआधी कधी घेतली नव्हती.

मग एक दिवस रुक्सानाने झाडूचा दांडा काढून घेतला आणि रॅकवरच्या लोखंडी बारकडे बोट केलं. बायकांसाठीचा हलका बार, पंधरा किलोचा. त्याला अजून वजनाची एकही प्लेट नव्हती.

सासूबाईंनी पदर खोचावा तशी ओढणी पुन्हा घट्ट केली. बारखाली शिरल्या, पाठीच्या गादीवर तो बसवला, पोट आवळलं आणि उभ्या राहिल्या. बार रॅकच्या खोबणीतून सुटला. दोन लहान पावलं मागे आल्या.

“थांबा,” रुक्साना म्हणाली. “घाई नाही. त्याचं वजन अंगाला कळू द्या.”

“कळलं,” सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. त्यांचे डोळे विस्फारले होते.

त्या बसल्या. मागे, खाली, मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत. क्षणभर तिथेच राहिल्या आणि उठल्या. कुठे हिसका नाही, डगमग नाही. पाण्यात बुडी मारून माणूस वर येतो तशा वर आल्या. बार जागेवर ठेवला आणि रुक्सानाचे दोन्ही हात हातात घेऊन नुसत्या हलवत राहिल्या.

“मी उठले!” त्या म्हणाल्या. “रणजितराव, बघितलंत? मी उठले!”

त्या दिवशी परत येताना त्यांनी संगमावर भडंग घेतलं आणि घरी पोहोचेपर्यंत त्यांचं तोंड थांबलं नाही. कशी मांडी थरथरली, कसा श्वास अडला, पाय कसा जमिनीत रुतल्यासारखा वाटला. तो ट्रंककॉलचा आवाज परत आला होता. रिक्षावाले वळून बघत होते.

पुढच्याच आठवड्यात मात्र त्यांनी एक प्रश्न विचारला.

“रुक्साना, समजा खाली बसले आणि उठताच आलं नाही. मग?”

“मी आहे ना मागे. नाहीतर सर आहेत.”

“आणि तुम्ही दोघंही नसलात?”

रुक्साना त्यांच्याकडे वळली. “हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही,” ती म्हणाली. “विचारायला पाहिजे पहिल्याच दिवशी.”

तिने रॅकच्या दोन्ही बाजूंचे आडवे लोखंडी दांडे दाखवले. ते खालीवर सरकवता येत. सासूबाई पूर्ण खाली बसल्यावर बार जिथे येईल, त्याच्या चार बोटं खाली तिने ते अडकवले. “उठता येत नाही असं वाटलं की धडपडायचं नाही. पाठ वाकडी करून ओढायचं नाही. पुढे झुकायचं नाही. आणखी थोडं खाली बसायचं. बार या दांड्यांवर टेकेल. टेकला की हात सोडायचे आणि वाकून पुढून बाहेर यायचं. वजन त्यांच्या अंगावर, तुम्ही मोकळ्या.”

मला ती म्हणाली, “सर, तुम्हीही करा.”

“मला काय गरज? मी तेवढंच घेतो जेवढं उचलवतं.”

“सगळे असंच म्हणतात,” रुक्साना म्हणाली.

सासूबाईंनी मात्र ते केलं. बार दांड्यांवर आदळला तेव्हा असा खणाण् आवाज झाला की खालच्या दुकानातला माणूस जिन्याने वर धावत आला. सासूबाई बारखालून बाहेर निघून उभ्या होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या.

“परत करू?” त्या म्हणाल्या.

मला आठवतं, वर उठण्यापेक्षा त्यांना याचंच वेड जास्त लागलं. दर आठवड्याला एकदा तरी त्या मुद्दाम बार दांड्यांवर ठेवून बाहेर यायच्या. पुढे पुढे त्या रुक्सानाला भलतंसलतं विचारायला लागल्या. जमिनीवर उताणं पडलेलं असलं तर कसं उठायचं? एक हात दुखत असेल तर? जवळ धरायला काहीच नसलं तर? रुक्साना गादी टाकायची आणि दोघी जमिनीवर लोळायच्या. कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग गुडघ्यांवर, मग एक पाऊल पुढे रोवायचं आणि त्या पायाने, ज्याला बैठका माहीत आहेत त्या पायाने, वर उठायचं. मला तो खेळ वाटायचा. सासूबाईंना लहान मुलासारखी हौस आहे, असं मी मनाशी म्हणायचो.

बारला प्लेटा लागत गेल्या. आधी भाकरीएवढ्या लहान, मग जरा मोठ्या. रुक्साना घाई करू देत नसे. एखाद्या दिवशी गुडघा जरा आत पडला की “आज इतकंच” म्हणून वजन उतरवायची. सासूबाई रुसायच्या, पण ऐकायच्या. असं करता करता पावसाळा सरला, थंडी पडली, आणि एके दिवशी रुक्साना म्हणाली, “काकू, उद्या पस्तीस करायचे. जमेल.”

“पस्तीस म्हणजे?”

“भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षा जास्त.”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. घरात सिलिंडर जागेवरून हलवायचीसुद्धा त्यांना बंदी होती.

दुसऱ्या दिवशी जिममध्ये बातमी फुटली होती. पेट्रोलपंपवाले आपला व्यायाम उरकूनही थांबले होते. बायकांच्या बॅचमधल्या दोघी-तिघी मोबाइल काढून उभ्या होत्या. सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं, “फोटो नको. घरी माहीत नाही.” सगळे हसले. मी त्यांच्या मागे उभा राहिलो, हात पुढे, अंगाला न लावता. रुक्साना बाजूला.

“सर, हाक मारली तरच हात लावायचा,” तिने मला बजावलं. “नाहीतर त्यांचा तोल तुम्हीच घालवाल.”

सासूबाई बारखाली गेल्या. खांदे मागे. पोट आवळलं. बार सुटला आणि दोन्ही टोकांच्या प्लेटा किणकिणल्या. दोन पावलं मागे.

पहिली बैठक. खाली, आणि वर. सगळी जिम एका सुरात “एक!” म्हणाली.

दुसरी. वर येताना जरा रेंगाळल्या, पण आल्या. “दोन!”

तिसऱ्या वेळी मला समोरच्या आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. लाल झालेला, कपाळावर शीर आलेली, आणि त्यावर असा आनंद की मला ओरडावंसं वाटलं. त्या खाली गेल्या. अगदी खाली. आणि नेमकं तेव्हाच जिन्याच्या दारातून किंकाळी आली.

“आई!”

वृषाली होती. शाळेच्या संस्थेतलं कुणी ज्येष्ठ माणूस वारल्यामुळे प्रार्थना होताच शाळा सोडून दिली होती, आणि फाटकापाशी एक पालक बाई तिला मोठ्या कौतुकाने म्हणाल्या होत्या, “मॅडम, तुमच्या आई कमाल आहेत हो. आज पस्तीस किलो करणार म्हणे.” हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी फक्त ती हाक.

सासूबाईंचा श्वास सुटला. आवळलेलं पोट सैल पडलेलं मला मागून कळलं. त्या उठायला लागल्या, चार बोटं वर आल्या आणि अडकल्या. मांड्या थरथरायला लागल्या. माझे हात आपोआप पुढे गेले.

“नको,” सासूबाई म्हणाल्या. दात आवळून, पण स्पष्ट.

मी थांबलो. आजही मला कळत नाही, मी कसा थांबलो.

त्या पुढे झुकल्या नाहीत. धडपडल्या नाहीत. पाठ सरळ ठेवून त्या आणखी खाली बसल्या, सावकाश, जणू स्वतःच्या अंगणात पाटावर बसताहेत. खणाण्! बार दांड्यांवर टेकला. त्यांनी हात सोडले, मान खाली घालून पुढून बाहेर आल्या, एक हात जमिनीला लावला, एक पाऊल रोवलं आणि उभ्या राहिल्या.

तोवर वृषाली धावत येऊन पोहोचली होती. तिने आईला दोन्ही खांद्यांना धरलं, हात चाचपले, मनगट चाचपलं.

“कुठे लागलं? आई, कुठे लागलं तुला? पडलीस ना!”

“पडले नाही गं,” सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. “ठेवला.”

“काय?”

“बार. ठेवला मी तो. मला उठता येत नव्हतं, म्हणून ठेवला आणि बाहेर आले.”

वृषाली माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. “आणि तुम्ही मागे उभे होतात! उभे! हातसुद्धा लावला नाहीत! रोज संगमावर जाता ना दोघं? एकदा हाड मोडलेली बाई आहे ती. पुन्हा काही मोडलं असतं तर कुणी बघायचं? तिच्या वयाला शोभतं का हे? कशासाठी? कशासाठी हे सगळं?”

माझ्याकडे उत्तर होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. आईंचं मन रमतं, तब्येत सुधारते, आम्हाला मजा येते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई बोलल्या.

“मला हेळवाकला जायचंय, वृषू. माझ्या घरी. राहायला.”

पेट्रोलपंपवाले हळूच मागे सरकले. माझं तोंड तसंच उघडं राहिलं. इतके महिने मी त्यांच्याबरोबर रोज येत होतो, शेजारच्या रॅकपाशी उभा होतो, आणि मला याचा पत्ता नव्हता.

“एकटी?” वृषाली म्हणाली. “मागच्या वेळी काय झालं, विसरलीस?”

“तूच नीट ऐकलेलं नाहीस, मागच्या वेळी काय झालं ते. मनगट मोडलं, एवढंच तुम्हाला माहीत आहे. मनगटाचं काय, ते मोडलं आणि जुळलं.” त्या बाकावर बसल्या. “मी पडले ती उताणी पडले, आणि मला उठता येईना गं. हात टेकता येत नव्हता आणि पायांत तर जीवच नव्हता. कूस बदलली की परत उताणी. उन्हात पडले होते. आणि घरात फोन वाजत होता. वाजायचा, थांबायचा, परत वाजायचा. आयुष्यभर मी लोकांचे फोन जोडले. आणि माझा फोन दहा पावलांवर वाजतोय आणि मी परसात कासवासारखी पडलेय. शेवटी दुधवाल्या रखमाबाई आल्या, तेव्हा उठले.”

वृषालीचा हात तोंडावर गेला.

“तो फोन माझा होता,” ती म्हणाली. “मला वाटलं, तू शेजारी गेलीस. मी चिडले होते तुझ्यावर.”

“माहीत आहे. म्हणून नव्हतं सांगितलं.”

वृषाली त्यांच्याशेजारी बाकावर बसली. मग सासूबाई सावकाश म्हणाल्या, “पडायची भीती नाही मला. पडेन की कधीतरी. पडून राहायची भीती वाटायची. ती घालवायला येते मी इथे. तुझ्या घरात मला काही कमी नाही, वृषू. पण तिथे मला उठायचं कारण असतं.”

वृषालीने डोळे पुसले. तिला शिक्षिका व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तिने कोपऱ्यातल्या गादीकडे बोट दाखवलं.

“झोप तिथे.”

“काय?”

“उताणी झोप. आणि उठून दाखव. कुणी हात लावायचा नाही.” शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून.

सासूबाई उठल्या, गादीवर जाऊन उताण्या पडल्या. छताकडे बघितलं. मग कूस, कोपर, गुडघे, पाऊल. उभ्या.

“मोडलेला हात पाठीमागे धर. आता परत.”

सासूबाईंनी तो हात पाठीमागे घेतला. या वेळी कूस वळायला वेळ लागला. एकदा परत उताण्या पडल्या. वृषाली पुढे झाली, मी तिचा दंड धरला. ती थांबली. सासूबाई पुन्हा वळल्या, कोपरावर आल्या, हुं असा आवाज केला आणि पाऊल रोवून उभ्या राहिल्या. केस विस्कटले होते, चष्मा पाठीवर गेला होता.

“पालथी,” वृषाली म्हणाली. पण आता तिच्या आवाजात दुसरंच काहीतरी होतं.

पालथ्यावरूनही उठल्या. मग गादी बाजूला सारून नुसत्या फरशीवरून उठल्या. जिममधल्या बायका प्रत्येक वेळी ओरडत होत्या, आणि शेवटच्या वेळी मी बघितलं, वृषालीही ओरडत होती. “टेकू नकोस, टेकू नकोस! पाय! आई, पाय लाव! आलीस! आलीस!” असं म्हणत, हुंदके देत, टाळ्या वाजवत.

आम्ही तिघं चालत घरी निघालो. बाजार गेला, दत्त चौक गेला. मंडईच्या कोपऱ्यावर वृषाली एकदम थांबली.

“तिथल्या मोरीचा नळ गळतो,” ती म्हणाली. “आणि परसातल्या फरशीला शेवाळ येतं. आधी ती खरवडून खडबडीत करून घ्यायला पाहिजे. त्याशिवाय काही नाही.”

ती हो म्हणाली नव्हती. पण मी तिच्याबरोबर संसार केलेला, मला कळलं. सासूबाईंनाही कळलं.

“नळ बदलून घेतलाय,” त्या म्हणाल्या. “फरशीही.”

“कधी?”

“गेल्या महिन्यात. फोनवरून.”

वृषाली त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग भर मंडईत, भाजीच्या पिशव्यांच्या गर्दीत, खो खो हसत सुटली.

घरी आल्यावर ती सामानाचं काय काय लागेल ते मोठमोठ्याने सांगत आतल्या खोलीत कपाट उपसायला बसली. मी चहा टाकला. सासूबाई ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“रागावलात?” त्यांनी विचारलं.

“नाही, आई.” मी साखर घातली, मग घातली की नाही ते आठवेना म्हणून परत घातली. “सवय लागली होती, एवढंच.”

“मलाही.”

चहा उकळला, मी तीन कप मांडले. मग त्या आतल्या खोलीचा कानोसा घेऊन, आवाज बारीक करून, म्हणजे त्यांच्या मानाने बारीक करून म्हणाल्या, “उद्या जाऊया ना? सामान भरायला तिला चार दिवस तरी लागतील. जायच्या आधी मला चाळीस करायचेत.”